स्पॉन्सर्ड शोकेसला वाजवलं, त्याची सगळी गोष्ट

गेल्या डिसेंबरमध्ये आमचा बँड पुण्यात एका कंपनीच्या शोकेसला वाजवून आला. नव्या लोकल रॉक बँड्ससाठीचा होता, दोन संध्याकाळी, रोज चार बँड, प्रत्येकाला २० मिनिटं. तेव्हापासून नाशिक, कोल्हापूर, नगरकडची पोरं विचारतायत की एन्ट्री कशी केली, पैसे मिळाले का, कागदावर सही करायची का. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, काही गोष्टी पटल्या नाहीत त्या पण सांगायच्या आहेत आणि हे त्या एका कंपनीपुरतं नाहीच.

आधी आम्ही कोण ते. चौघं जण. मी बास वाजवतो. गिटारवाला आणि मी कॉलेजात फिरोदियाच्या, म्हणजे पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या, तालमीत भेटलो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पार्किंगमध्ये बसून म्युझिक बसवायचो तेव्हापासूनची दोस्ती. ड्रमर सहा वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचा, त्याच्या स्नेअर ड्रमवर जे बारीक रोल येतात ते तिथून आलेत, कुठल्या क्लासमधून नाही. गायिका सांगलीची, इथे हिंजवडीत नोकरी करते. गाणी सगळी आमची आणि सगळी मराठीत.

यातलं एक गाणं जात्यावरच्या ओवीवर आहे. गिटारवाल्याची आजी मुळशी तालुक्यातली. मुळशी भागातल्या बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांनी किती वर्षं फिरून जमवल्या, त्या आज पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर बाईच्या नावा-गावासकट ऐकायला मिळतात, ज्यांनी ऐकल्या नसतील त्यांनी खरंच ऐका. पण आम्हाला ही ओवी आजीकडूनच मिळाली, स्वयंपाकघरात बसून, मोबाइलवर रेकॉर्ड केली. आम्ही पहिल्यांदा त्याचं गाणं केलं तेव्हा टेम्पो, म्हणजे मिनिटाचे ठोके, होता १३२. आजीला ऐकवलं. ती म्हणाली, "अरे बाळा, एवढ्या घाईनं जातं फिरत नसतं, पीठ जाड येईल." आणि तिने हाताने फिरवून दाखवलं, कसं फिरतं ते. आम्ही तो हात मेट्रोनोमवर, म्हणजे ताल मोजायच्या यंत्रावर, मोजला, ९२ आला. त्या दिवसापासून ते गाणं ९२ वर आहे आणि रिफ, म्हणजे गिटारची फिरून फिरून येणारी ओळ, आपोआप जड झाला, आधी तो नुसता फास्ट होता.

तर फॉर्म. ऑगस्टमध्ये एका मित्राने लिंक पाठवली. दोन गाण्यांचं रेकॉर्डिंग, एक लाइव्ह व्हिडिओ न एडिट केलेला, बँडचा फोटो, चार ओळी माहिती. एन्ट्री फी नव्हती, हे मी पहिलं बघितलं. काही ठिकाणी बँडकडूनच पैसे घेतात किंवा तुम्हाला ५० तिकिटं देतात आणि विका म्हणतात, उरली तर तुमच्या खिशातून. तसल्या ठिकाणी जाऊ नका. तिकीट विकणं हे आयोजकाचं काम आहे, तुम्ही आधीच जॅमपॅडचं, म्हणजे तालमीच्या खोलीचं, भाडं भरून भरून आलेले असता. आमचा जॅमपॅड तासाला ४०० रुपये, आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास, महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

लाइव्ह व्हिडिओ आम्ही जॅमपॅडमध्येच एका फोनवर शूट केला, फोन कोपऱ्यात उंच ठेवला आणि ड्रमवर जाड चादर टाकली, नाहीतर झांजांच्या पुढे दुसरं काहीच ऐकू येत नाही. अकरावा टेक पाठवला. मग आलं पब्लिक व्होटिंग. हा प्रकार मला मनापासून खुपतो. ज्या बँडमधल्या पोरांचं कॉलेज मोठं, सोसायटी मोठी, त्यांना मतं जास्त, त्यात गाण्याचा काय संबंध? आम्ही पण केलं, सांगलीच्या काका-मावश्यांपासून जुन्या पथकाच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे लिंक टाकली, पथकातल्या दीडशे जणांनी दोन दिवसांत मतं दिली आणि आम्ही वर आलो. पण त्याच यादीत एक साताऱ्याचा बँड होता, तिघंच होते, काय वाजवत होते! ते खाली राहिले. त्यांची आठवण आली की आपण वर आलो याचा आनंद थोडा कमी होतो.

निवड झाल्याचा मेल ऑक्टोबरच्या शेवटी आला आणि त्याबरोबर करारनामा, सात पानांचा, इंग्रजीत. लिहिलं होतं की तीन दिवसांत सही करून पाठवा. पोरं खुशीत असतात अशा वेळी, कोण वाचतो? आमच्या गायिकेची मावसबहीण वकील आहे, तिने सांगितलं म्हणून वाचला. त्यात एक ओळ होती की शोकेसमध्ये सादर झालेली गाणी आणि त्याचं रेकॉर्डिंग कंपनी कायमस्वरूपी, जगभर, कुठल्याही माध्यमात वापरू शकेल आणि त्याचे हक्क कंपनीकडे राहतील. म्हणजे आजीची ओवी पण? ती तर आमचीच नाही, आम्ही कशी देणार?

वकील ताईने सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. रेकॉर्डिंग वेगळं आणि गाणं वेगळं, म्हणजे शब्द आणि चाल. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्यांच्या खर्चाने झालं तर ते वापरायला मागतील, त्यात गैर नाही. पण गाणं तुमचं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा हिस्सा असा सहीने सोडून देता येत नाही. शिवाय हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो, म्हणूनच ते लोक करारात कायमस्वरूपी आणि जगभर हे शब्द घालतात. आणि स्टेजवर सादर करणाऱ्याचेही स्वतःचे हक्क असतात, ५० वर्षांपर्यंत.

आम्ही मेल केला, साध्या भाषेत. गाण्यांचे हक्क आमच्याकडे राहतील, रेकॉर्डिंग तुम्ही प्रसिद्धीसाठी दोन वर्षं वापरा, आम्हालाही वापरू द्या, मल्टिट्रॅकची, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळा असलेल्या रेकॉर्डिंगची, कॉपी द्या, आणि तिसऱ्या, म्हणजे ओवीच्या, गाण्यातले शब्द पारंपरिक आहेत असं लिहा. दोन रात्री झोप नाही, वाटलं काढून टाकतील आणि दुसऱ्या बँडला बोलावतील. चौथ्या दिवशी उत्तर आलं, ठीक आहे, फक्त दोनऐवजी तीन वर्षं. एवढंच! मागितलं नसतं तर कायमचं गेलं असतं. मी नंतर बाकीच्या सात बँड्सना विचारलं, सहा जणांनी न वाचता सही केली होती. याबद्दल मला अजून वाईट वाटतं, आम्ही आधीच सगळ्यांना कळवायला हवं होतं, तेव्हा कुणाचे नंबर नव्हते हे खरं असलं तरी शोधता आले असते.

मानधन नव्हतं. प्रवासाचे आणि जेवणाचे मिळून बँडमागे ठरावीक रक्कम, ती कार्यक्रमानंतर ४५ दिवसांत. बाकी "एक्स्पोजर". आपल्याकडे रॉकचं मोठं स्टेज उभं राहतं ते बरेचदा ब्रँडच्याच पैशावर. तंबाखूवाल्यांची स्पॉन्सरशिप २००३ च्या कायद्याने बंद झाली, दारूच्या कंपन्यांना सरळ जाहिरात करता येत नाही म्हणून त्या सोड्याच्या, म्युझिकच्या नावाने स्टेजवर येतात. त्यांना आपल्या गर्दीचं वय हवं असतं. हे कळून घेऊन गेलं की मग काय मागायचं ते कळतं. मी तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगतो, एक्स्पोजर नका मागू, साउंड मागा. चांगली सिस्टिम, चांगला इंजिनीअर, साउंडचेकला वेळ आणि मल्टिट्रॅक. ते आपल्याला जॅमपॅडमध्ये कधीच मिळत नाही आणि त्यांच्या बजेटमध्ये ते आधीच असतं.

मग टेक रायडर, म्हणजे स्टेजवर आम्हाला काय काय लागणार ते आधी कळवायचं. आम्हाला काय पाठवायचं तेच माहीत नव्हतं. दोन कागद लागतात. एक स्टेज प्लॉट, कोण कुठे उभा राहणार, अँप कुठे, मॉनिटर (आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) कुठे, हाताने काढलं तरी चालतं. दुसरा इनपुट लिस्ट, प्रत्येक आवाजाला एक चॅनल. आमचे १३ झाले: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर वरचा आणि खालचा, हायहॅट (पायाने उघड-बंद होणारी झांजांची जोडी), दोन टॉम, ओव्हरहेड म्हणजे ड्रमच्या वरचे माइक डावा-उजवा, बास डीआय (वाद्य माइकशिवाय थेट साउंडला जोडणारा बॉक्स), गिटार अँपपुढे एक माइक, गिटारवाल्याची अकूस्टिक डीआयमधून, मुख्य गाणं, मागचं गाणं. हे आधी पाठवलं तर साउंडवाले दादा तुमच्या येण्याआधीच पॅचिंग, म्हणजे वायरींची जोडणी, करून ठेवतात. बॅकलाइन कॉमन असते, म्हणजे अँप आणि ड्रमकिट सगळ्यांना एकच. पण ड्रमरला आपले ब्रेकेबल्स न्यावे लागतात, स्नेअर, झांजा, किकचं पेडल आणि हायहॅटचा क्लच. तो क्लच म्हणजे वरची झांज रॉडला धरून ठेवणारा बोटाएवढा तुकडा. आमचा तो घरी राहिला.

हे कळलं शोच्या दिवशी दुपारी तीन वाजता, खराडीच्या पुढच्या लॉनवर. ड्रमर रडकुंडीला आला होता. कर्वेनगरला परत जाऊन यायचं तर पुण्याचं शनिवारचं ट्रॅफिक. तेव्हा कोल्हापूरच्या बँडचा ड्रमर, ज्याला आम्ही पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटलो होतो, आला आणि म्हणाला, "माझा घे की, मी तुमच्या आधी हाय, उतरताना तसाच लावून ठेवतो." विषय संपला. तिथे आम्ही एकमेकांचे स्पर्धक होतो, शेवटी परीक्षक मार्क देणार होते, आणि तरी कुणी केबल दिली, कुणी सेल दिले, कुणी पिक दिलं.

साउंडचेक उलट्या क्रमाने असतो, शेवटी वाजवणारा बँड पहिला, म्हणजे पहिल्या बँडची सेटिंग तशीच स्टेजवर राहते. आम्ही दुसरे होतो, आम्हाला ठरली होती २५ मिनिटं. मिळाली ११. आधी एलईडी स्क्रीनवर कंपनीचा व्हिडिओ टेस्ट करत होते, पाऊण तास त्यात गेला. याचा राग आला आणि अजून आहे. चार बँड उन्हात केसेस घेऊन बसलेत आणि लोगो नीट फिरतोय का ते बघणं चाललंय.

मी बासची केबल लावली आणि अख्ख्या लॉनवर घूंऽऽऽ. माझ्या पोटात गोळा. वाटलं बासचं सर्किट गेलं. साउंडवाले दादा, पन्नाशीच्या पुढचे, शांतपणे स्टेजवर चढले, डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं आणि आवाज बंद. म्हणाले, अँपचं आणि कन्सोलचं, म्हणजे साउंडच्या मिक्सरचं, अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणी झालंय, जनरेटरवर तर हे होतंच, घाबरायचं नाही. दादा मूळचे मुंबईचे. नंतर चहा पिताना सांगत होते, रंगभवनात केबल ओढायचे ते दिवस. धोबी तलावचं ते उघडं थिएटर, १९८६ साली तिथे इंडिपेन्डन्स रॉक हे रॉक फेस्टिव्हल सुरू झालं, पावसाळ्यात पोरं भिजत उभी राहायची. आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज, म्हणून सायलेन्स झोन, त्यांच्यापासून शंभर मीटरच्या आत मोठा आवाज नको हा नियम, त्यात रंगभवनातले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. आपल्या पुण्यात २०१० ला एनएच सेव्हन वीकेंडर हा म्युझिक फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो, लांबून आवाज ऐकल्याचं आठवतं. दादांना वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, म्हणाले, तेव्हा पोरं इंग्लिश गाणी हुबेहूब वाजवायची, स्वतःचं वाजवलं की लोक ओरडायचे, बंद करा म्हणून. तुम्ही मराठीत स्वतःचं वाजवताय, मी आज तुमचे शब्द वर ठेवतो.

आणि त्या ११ मिनिटांत जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहितोय. मॉनिटरमध्ये काय हवं विचारलं, मी म्हटलं किक आणि व्होकल. जॅमपॅडमध्ये ड्रमच्या शेजारी उभं राहून मला गायिकेचे शब्द कधीच नीट ऐकू आले नव्हते, दीड वर्षात एकदाही नाही. ओवीचं गाणं सुरू केलं, आणि पहिल्यांदा मला ती पूर्ण ऐकू आली, श्वास घेतलेला पण. दुसऱ्या कडव्यात बाई भावाची वाट बघत दाराकडे बघते तिथे ती शेवटचा स्वर धरून ठेवते, हलका हलका खाली सोडते. आणि नेमका तिथेच मी दीड वर्ष एक रन वाजवत होतो, वर चढत जाणारा, माझा आवडता. तो रन तिच्या स्वरावर सरळ चढून बसत होता. मी हात काढून घेतला. एकच खालचा नोट धरला आणि उभा राहिलो. गायिकेने मागे वळून बघितलं. नंतर म्हणाली, मला वाटायचं तो स्वर मलाच लागत नाही.

संध्याकाळ. थंडी पडायला लागली, डिसेंबरचं पुणं, उघडं लॉन, तारांचं ट्यूनिंग सतत हलत होतं, प्रत्येक गाण्याच्या मध्ये ट्यूनर बघावा लागतो, ते वेळेत धरून ठेवा. गिटारवाल्याच्या पट्ट्यावर एका दुसऱ्या ब्रँडचं नाव होतं, त्यावर काळी टेप लावली, करारात होतं तसं. स्टेजवरून कंपनीचं नाव दोनदा घ्यायचं हे पण होतं, ते गायिकेने घेतलं, सुरुवातीला आणि शेवटी, नीट आवाजात, ते ठरलेलं काम होतं.

पहिला बँड उशिरा चढला, दहाच्या आत सगळं बंद करायचं होतं कारण रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे सगळ्यांचे स्लॉट कापायला सुरुवात झाली. आमच्या आधी दहा मिनिटं असताना वॉकीटॉकीवाली मुलगी आली, "सॉरी, तुम्हाला १४ मिनिटं." चार गाणी बसवलेली. स्टेजच्या मागे अंधारात उभं राहून ठरवायचं होतं काय टाकायचं. आमचं सगळ्यात फास्ट गाणं, ज्यावर पोरं नाचतात, ज्याचा व्हिडिओ बघून निवड झाली होती, ते साडेचार मिनिटांचं. ओवीचं सहा. ड्रमर म्हणाला, फास्टवालं ठेवू, परीक्षक आहेत. गिटारवाला काहीच बोलला नाही, आजी त्याची म्हणून त्याला संकोच. गायिका म्हणाली, ओवी काढली तर मी आज कशाला आले? मग फास्टवालं काढलं. त्याच्याबरोबर आणखी एक काढलं. सुरुवातीचं गाणं आणि ओवी, दोनच.

ड्रमरने फोनवर मेट्रोनोम ९२ ला लावला, आवाज बंद, फक्त लाइट, आणि स्नेअरशेजारी ठेवला. पहिल्या गाण्यात सगळेच पळालो, हात गार, छाती धडधडत, ते होतंच. दुसऱ्याला त्याने लाइटकडे बघत काठ्या आपटल्या, एक, दोन, तीन, चार, आणि मला ते इतकं हळू वाटलं की चुकला की काय असं वाटून मी त्याच्याकडे बघितलं. तो लाइटवरून नजर काढत नव्हता. अंगात उसळी असताना ९२ धरणं फार अवघड आहे, सहा वर्षं ताशाची तर्री वाजवलेल्या माणसाला तर फारच, आणि त्याने सहा मिनिटं धरलं. पुढे दोन-अडीचशे लोक होते, मागच्या बाजूला खाण्याच्या स्टॉलवरची गर्दी वेगळी. पहिल्या कडव्याला बोलणं चालू होतं. दुसऱ्या कडव्याच्या त्या स्वराला, मी जिथे गप्प राहिलो तिथे, स्टॉलकडचे लोक पण वळून बघायला लागले. मी खोटं सांगत नाही, दादांनी शब्द खरंच वर ठेवले होते, शेवटच्या माणसापर्यंत कळत होते. पुढच्या रांगेत एक काकू होत्या, कुणाच्या तरी आई असाव्यात, त्या ओठ हलवत होत्या, त्यांना ती ओवी येत होती.

नंबर आला नाही. पहिला कोल्हापूरच्या बँडचा आला, आणि तो त्यांचाच होता, त्यांचं शेवटचं गाणं ऐकून मी स्टेजमागे उड्या मारत होतो. एका परीक्षकांनी आम्हाला सांगितलं, दोन गाण्यांत रेंज कळली नाही. बरोबर आहे त्यांचं. १४ मिनिटांत आम्ही तीच निवड परत करू.

मल्टिट्रॅकसाठी पाच मेल करावे लागले, जानेवारीच्या शेवटी लिंक आली. १३ चॅनल वेगवेगळे. घरी हेडफोनवर फक्त गायिकेचा आणि माझा ट्रॅक लावून ऐकला आणि अजून तीन जागा सापडल्या जिथे मी उगीच वाजवतोय. त्या काढल्या. गिटारवाल्याने आजीला ऐकवलं, फोन तिच्या कानाशी धरून. तिने पूर्ण ऐकलं आणि एक शब्द चुकलाय म्हणून सांगितलं, आम्ही मोबाइलच्या रेकॉर्डिंगवरून चुकीचा लिहून घेतला होता. तो आता बरोबर गातोय.

प्रवासाचे पैसे ४५ दिवसांऐवजी ७० व्या दिवशी आले, तीन वेळा आठवण करून. त्यातून ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला एक डीआय बॉक्स घेतला, दोन चांगल्या केबल आणि हायहॅटचे दोन क्लच. एक आमच्या ड्रमरच्या बॅगेत असतो. दुसरा कोल्हापूरला पाठवला, तिथल्या ड्रमरचा त्या रात्री सामान आवरताना आमच्याकडेच राहिला आणि मग कुठे गेला ते कळलंच नाही. मार्चमध्ये ते पुण्यात येतायत, एका छोट्या कॅफेत दोन्ही बँड मिळून वाजवणार आहोत, स्पॉन्सर नाही, प्रत्येकी ४५ मिनिटं, आणि दादा म्हणालेत कन्सोलवर मी बसतो.